‘पूर्वताणित’ की ‘पूर्वप्रतिबलित’?

भाषांतरकार:
एका पुलाच्या माहितीपुस्तिकेत मी ‘प्रिस्ट्रेस्ड काँक्रीट’साठी ‘पूर्वताणित काँक्रीट’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या अभियंत्यांनी ते खोडून ‘पूर्वप्रतिबलित’ केले. वाचकाला ‘ताण’ कळतो, ‘प्रतिबल’ कळत नाही. मग माझा शब्द चुकीचा कसा?

स्थापत्य अभियंता:
आपला शब्द नेमका उलटा अर्थ देतो. ताणल्या जातात त्या पोलादी तारा. काँक्रीट दाबले जाते. काँक्रीट दाब भरपूर सोसते, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून गर्डरमधल्या नळीत ओवलेली केबल, काँक्रीटला पुरेशी ताकद आल्यावर, जॅकने ताणून टोकाला पाचरींनी अडकवतात आणि आखडू पाहणारी ती केबल गर्डरला दोन्ही टोकांकडून आवळून धरते. पुढे गाड्यांच्या वजनाने गर्डरच्या तळाशी येणारा ताण आधी हा दाब उतरवण्यातच खर्ची पडतो. तारा आधी ताणून मग त्यांच्याभोवती काँक्रीट ओतण्याची, रेल्वेच्या स्लीपरांची पद्धत वेगळी आहे. ‘पूर्वताणित’ तिच्यासाठी राखून ठेवावा. साइटवर आम्ही ‘केबल ताणली’ एवढेच म्हणतो.

परिभाषाप्रेमी:
मनावरच्या ‘स्ट्रेस’लाही आपण ताण म्हणतो, तिथूनच हा घोळ सुरू होतो. बाहेरच्या बलाला पदार्थ आतून जे उत्तर देतो ते प्रतिबल, आणि ताण व दाब हे दोन्ही त्यात येतात. शब्द अवघड आहे म्हणून तो टाकून देऊ नये.

गावाकडचा वाचक:
‘आवळलेले काँक्रीट’ म्हणायला काय हरकत आहे? आजोळी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना मी पाहिले आहे. चाकाहून किंचित लहान केलेली लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करत, चाकावर ठोकून बसवत आणि लगेच पाणी ओतत. वाफेबरोबर करपलेल्या लाकडाचा वास येई आणि आखडणारी धाव सगळे सांधे आवळून घेई. चाक धावते ते तिच्यावर, म्हणूनच ती ‘धाव’ असावी.

परिभाषाप्रेमी:
‘आवळलेले’ हे वर्णन झाले, संज्ञा नव्हे. आणि ‘धाव’ची व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावरून ठरवू नये.

स्थापत्य अभियंता:
दाखला मात्र चपखल आहे. काँक्रीटही वाळताना आकसते, सततच्या दाबाखाली हळूहळू आखूड होते आणि केबलचा ताण काहीसा उतरतो. साध्या सळयांचा सगळा ताण असाच निघून जाई. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिने यांनी १९२८ च्या पेटंटात उच्च ताकदीच्या तारा घेतल्या त्या यासाठीच.

भाषांतरकार:
या ताण उतरण्याला काय म्हणावे? पुस्तिकेत तेही आहे.

गावाकडचा वाचक:
उन्हाळ्यात लाकूड सुकले की आजोबा ‘धाव सैलावली’ म्हणत आणि चाक रात्रभर ओढ्यात ठेवत.