मोफत बसगाड्यांचा खर्च हिशेबात का येत नाही

गणपतीला मुंबईहून चाकरमान्यांसाठी सोडलेल्या मोफत बसगाड्या विधानसभा उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत का धरल्या नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार खर्च मोजला जातो तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतच. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात झाली, गणपती सप्टेंबरात. शिवाय पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादाच नाही, आणि खरी गळती तिथेच आहे.

मतदानाच्या दिवसाचं मात्र वेगळं. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी मतदारांना केंद्रावर फुकट नेण्यासाठी गाडी ठरवली, तर त्याच कायद्याच्या कलम १२३(५) खाली ते निवडणुकीतलं ‘भ्रष्ट आचरण’ ठरतं. त्यात होडीही येते, हे खाडीपलीकडच्या वाड्यांनी लक्षात ठेवावं.

हिशेब तपासायचा तर निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देतो. एक रुपया फी भरून कुणीही तो पाहू शकतो, नक्कलही मिळते. मंडप, खुर्च्या, वाहनं यांचे आकडे जिल्ह्याच्या दरपत्रकाशी आणि खर्च निरीक्षकांच्या छाया नोंदवहीशी (प्रचाराचा खर्च ते स्वतंत्रपणे टिपतात ती वही) ताडून बघा. पण उशीर करू नका! निवडीला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयातल्या निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस. हिशेब तिसाव्या दिवशी आला तर हातात उरतात जेमतेम पंधरा. म्हणून सभेचे, गाड्यांच्या नंबरांचे तारीखवार फोटो प्रचार चालू असतानाच काढून ठेवावेत.