काटक म्हणून विकतो तीच रोपं मे महिन्यात मरतायत

निंबोळी_यावल
राम राम मंडळी. यावलजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे. मी आणि सासरे (आबा) दोघंच बघतो. शोभेचं नाजूक काही ठेवत नाही. करंज, कडुनिंब, कण्हेर, बोगनवेल, कागदी लिंबू, सीताफळ, एवढंच. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पाणी द्यायला विसरलो तरी जगेल असं द्या," आणि मी छातीठोकपणे करंज काढून देते. आता तोच करंज माझ्याच वाफ्यात मान टाकतोय. हे गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगू?

साधारण बाराशे पिशव्या आहेत, वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट. पारा ४५ च्या खाली यायला तयार नाही. या आठवड्यात मोटरीची थ्री फेज वीज दिवसाच येते, म्हणून अकरा-साडेअकराला मोटर लावून नळीने पाणी देते. तरी दुपारी रोपं लुळी पडतात. मग चार वाजता परत पाणी. सगळ्यात जास्त मर पश्चिमेकडच्या कडेच्या दोन ओळींत आहे. सीताफळाची तर पानंच गळाली, चाळीस पिशव्या उकिरड्यावर टाकायच्या बेतात आहे. आबा म्हणतात पाणी कमी पडतंय. मला तसं वाटत नाही, कारण बोट घातलं तर माती ओली लागते.

तापीकाठ
ताई, ओल्या मातीत रोप लुळं म्हणजे दुखणं मुळीला आहे. कडेच्या ओळीतली एक मेलेली पिशवी ब्लेडने उभी चिरा. ऊन लागणाऱ्या बाजूची मुळं तपकिरी आणि मऊ, सावलीकडची पांढरी, असं दिसलं तर मुळं भाजलीत. काळी पिशवी दुपारी तव्यासारखी तापते. करंज काटक आहे तो जमिनीत, मुळी खाली गारव्याला गेल्यावर. वीतभर पिशवीत त्याला पळायला जागा कुठे? आणि भाजलेली मुळी पाणी ओढत नाही. वरून दुसऱ्यांदा पाणी दिलं की ती कुजते.

निंबोळी_यावल
चिरली. अगदी तसंच निघालं, पश्चिमेची बाजू चहाच्या चोथ्यासारखी. आबांना दाखवलं तर गप्प झाले, आणि आमचे आबा सहसा गप्प होत नाहीत.

केळीवाला_रावेर
नेट डोक्यावर आहे, पण बाजूने काय? आपल्याकडे मे महिन्यात मारतं ते वारं. आम्ही केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतो ते याच्यासाठीच, नाहीतर पानांच्या चिंध्या होतात. या साली उशीर झाला, तेव्हा पश्चिमेला नेट जमिनीपर्यंत सोडा नाहीतर ज्वारीचा कडबा उभा बांधा. पाऊस पडला की शेवरी पेरा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आडोसा तयार. पिशव्या वीतभर खोल वाफ्यात एकमेकींना खेटून उतरवा आणि कडेने मातीचा बांध घाला. फक्त पंधरा दिवसांनी हलवत राहा भो, नाहीतर मुळी खालून जमिनीत घुसते आणि उचलताना तुटते.

आणि साडेअकराला पाणी? तुमची नळी उन्हातच पडलेली असते ना?

शेवगा६४
सीताफळ टाकू नका!! ते उन्हाळ्यात पानं गाळतंच. नखाने साल खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे. पाऊस पडला की फुटेल. तोवर पाणी अगदी बेताचं. आमच्या वडिलांनी एकदा अशीच मेली म्हणून फेकली होती, श्रावणात उकिरड्यावर सीताफळाचं बन.

निंबोळी_यावल
नऊ दिवसांनी लिहितेय.

नळीचं खरं निघालं. मोटर लावल्यावर आबांनी पहिल्या पाण्याखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. म्हणाले, "यात चहा टाक." इतके दिवस मी तेच पाणी रोपांना पाजत होते. आता २०० लिटरचे चार ड्रम कडुनिंबाच्या सावलीत ठेवलेत. वीज येईल तेव्हा भरायचे आणि पहाटे पाचला झारीने घालायचं, दिवसातून एकदाच. कंबर धरते, पण सगळ्या पिशव्या दीड तासात होतात.

कडबा बांधला, पिशव्या खोल उतरवल्या. चार दिवसांपासून नवी मर नाही. आधी भाजलेली वाचली नाहीत, दीडशेच्या आसपास गेली. सीताफळाच्या चाळीसपैकी एकतीस सालीखाली हिरवी आहेत.

एक भांडण मात्र चालू आहे. मी ठरवलंय, पाऊस पडेपर्यंत करंज-कडुनिंब लावायला द्यायचे नाहीत. नवतपात, मे अखेरच्या या नऊ कडक दिवसांत, खड्डा करून लावलेलं रोप काटक असलं तरी काय करणार? आबा म्हणतात, गिऱ्हाईक परत पाठवणारी दुकानदारीण पहिल्यांदा पाहिली. काल एकाला परत पाठवलं तर तो पुढच्या नर्सरीतून घेऊन आमच्याच दारावरून गेला, गाडीच्या टपावर, उघड्या उन्हात.

शेवगा६४
त्या एकतीसमधली दहा माझ्यासाठी बाजूला ठेवा. पानं नसलेलीच द्या. न्यायला जूनच्या शेवटी येतो.