डेबोरा मायर यांच्या ईस्ट हार्लेममधील शाळांतून आपण काय घ्यावे?

प्रश्न (मुख्याध्यापक, महापालिका शाळा)
आमच्या शाळेतील बहुतेक पालक रोजंदारीवर जगतात. न्यूयॉर्कमधील ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत डेबोरा मायर यांनी १९७४ साली सुरू केलेल्या सेंट्रल पार्क ईस्ट शाळेचे कौतुक एका प्रशिक्षणात ऐकले; मात्र तेथील मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचली ती कशामुळे, हे कोणीच उलगडून सांगितले नाही. त्यांनी प्रत्यक्ष काय बदलले आणि त्यातले काय आपल्या अधिकारात बसते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका)
सर, मायर यांना आधी मोकळीक मिळाली, हे विसरू नये. तेथील शिक्षण अधीक्षक अँथनी अल्वाराडो यांनीच त्यांना बोलावून शाळा उभारायला सांगितले. १९८५ मध्ये मायर यांनी माध्यमिक शाळा काढली, तिची रचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पंधराएक मुलांचा गट दोन वर्षे एकाच शिक्षकाकडे राही आणि घरच्यांशी संपर्क ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच असे. तासिका सुमारे दोन तासांच्या ठेवल्यामुळे प्रत्येक शिक्षकाकडे येणारी मुले पुष्कळ कमी झाली, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ त्यांनी वर्गाबाहेरची स्वतंत्र पदे कमी ठेवून मिळवले.

शाळा पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्याला चौदा विषयक्षेत्रांतील स्वतःचे काम सादर करावे लागे, आणि त्यातील निम्म्या कामांवर समितीसमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. हे खरे कशावरून, हे कोणाच्या नजरेतून सांगितले आहे, याचा आणखी कशाशी संबंध आहे, असे घडले नसते तर काय झाले असते, आणि याचे महत्त्व काय, हे पाच प्रश्न प्रत्येक विषयात विचारले जात. गरीब घरच्या मुलांना केवळ उजळणी पुरे, हा समज त्यांनी मुळातच नाकारला, आणि मला त्याचे मोल निकालाहून अधिक वाटते. १९८७ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतील मानाचा सन्मान मिळाला.

उत्तर (शिक्षण प्रशासनाचा अभ्यासक)
वरील माहिती योग्य आहे, तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ही शाळा पालकांनी निवडलेली होती, त्यामुळे वस्तीतील इतर शाळांशी तिच्या निकालाची सरळ तुलना होत नाही. शिवाय मायर शाळा सोडून गेल्यानंतर माध्यमिक शाळा बरीचशी पारंपरिक वळणाची झाली. त्यांनी १९९७ मध्ये बोस्टनला मिशन हिल ही शाळा काढली; त्या तेथून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, विद्यार्थ्यांचे छळापासून व लैंगिक गैरवर्तनापासून संरक्षण करण्यात शाळा अपयशी ठरल्याचे चौकशीत आढळले आणि २०२२ मध्ये ती बंद करण्यात आली. स्वायत्तता द्यावीच, पण तक्रार शाळेबाहेर पोहोचण्याची वाटही पहिल्या दिवसापासून असावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पदे आणि अभ्यासक्रम माझ्या हातात नाहीत. वर्गवाटप मात्र आहे.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका)
मग तेथूनच सुरुवात करावी. पाचवीचे वर्गशिक्षक त्याच मुलांबरोबर सहावीत जाऊ द्या, आणि बदलीचा आदेश आला तर प्रत्येक मुलाची माहिती नव्या शिक्षकाला समोर बसवून देण्याची पद्धत आत्ताच लावून घ्या.