लांबीवर दंड लावला की एआय मॉडेलची अक्कल छाटली जाते?

सूक्ष्मदर्शी
निशाचर यांनी काल लिहिलं, "उत्तराच्या लांबीवर दंड लावून ट्रेनिंग करणं म्हणजे विचारशक्तीला कात्री लावणं. टोकन वाचवायचे असतील तर सरळ लहान मॉडेल घ्या." (टोकन म्हणजे मॉडेल लिहितं ते शब्दांचे तुकडे.) हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीचं आर१-झीरो हे मॉडेल आलं. ट्रेनिंगभर त्याची उत्तरं लांबत गेली आणि एआयएमई २०२४ (अमेरिकेतली शालेय गणित स्पर्धा) वरची अचूकता १५.६ वरून ७१ टक्क्यांवर गेली. तेव्हापासून लांबी म्हणजेच बुद्धी असं समीकरण होऊन बसलंय. पण त्याच्या ट्रेनिंगच्या पद्धतीत, जीआरपीओत, प्रत्येक उत्तराचा लॉस (मॉडेलला किती बदलायचं हे ठरवणारा आकडा) त्याच्या लांबीने भागला जातो. चुकीचं उत्तर जितकं लांब, तितकी दर टोकनमागची शिक्षा सौम्य. म्हणजे चुकत असताना पाल्हाळ लावणं मॉडेलला परवडतं! मार्च २०२५ मध्ये 'डॉ. जीआरपीओ' ही सुधारित पद्धत मांडणाऱ्यांनी हा भागाकारच काढून टाकला. चुकीच्या उत्तरांचा फुगवटा उतरला, अचूकता टिकली. ही कुठली कात्री?

शिवाय दंड सरसकट लावायची गरजच नाही. अरोरा आणि झानेट यांच्या पद्धतीत (फेब्रुवारी २०२५) एकाच प्रश्नाची बरोबर आलेली उत्तरंच लांबीवर जोखतात. आखूड आणि बरोबर त्याला जास्त रिवॉर्ड (ट्रेनिंगमधलं बक्षीस), चुकीच्याला शून्य. लवकर चुकून कोणाचाच फायदा नाही.

निशाचर
फुगवट्याचा मुद्दा मान्य. तो हिशेबातला दोष आहे, दुरुस्त करायलाच हवा. पण माझा आक्षेप तिथे नव्हताच.

रिवॉर्डला फक्त शेवटचं उत्तर दिसतं. पडताळणीची पायरी बहुतेक वेळा उत्तर बदलत नाही, त्यामुळे "बरोबर आणि आखूड" याला बक्षीस दिलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. आमच्याकडे करारांमधून मुदतीच्या तारखा काढायचं काम आहे. आधीचं मॉडेल "सूचना मिळाल्यापासून ३० दिवस" मोजून झाल्यावर महिना ३० चा की ३१ चा, लीप वर्ष आहे का, हे पुन्हा पाहायचं. तेच मॉडेल आखूड उत्तरं द्यायला शिकवून मिळालं. चाचणीत गुण जवळपास तेवढेच. प्रत्यक्षात फेब्रुवारी ओलांडणाऱ्या मुदती चुकायला लागल्या, आणि त्या शोधायला माणसं बसवावी लागली. वाचलेले टोकन मी कोणाला दाखवू?

सूक्ष्मदर्शी
गणितावर आखूड केलेलं मॉडेल करारांवर चालवलं असेल तर दोष पद्धतीचा नाही. तुमच्याच कामातले प्रश्न ट्रेनिंगमध्ये घाला. फेब्रुवारीत पडताळणीने उत्तर बदलत असेल, तर न पडताळणारी उत्तरं चुकतील, शून्य मिळवतील आणि सवय टिकेल.

निशाचर
तसे प्रश्न ट्रेनिंगमध्ये पुरेसे आले तर! दुर्मीळ चूक दुर्मीळ असते म्हणूनच ती नमुन्यात सापडत नाही.

ऋणचिन्ह
तुम्ही दोघंही "अचूकता टिकली" हे शब्द इतक्या सहज वापरताय की मला बोलावंच लागेल. एआयएमईची एका वर्षाची गणितं ३०. एक गणित म्हणजे ३.३३ टक्के. ७० टक्क्यांच्या आसपास प्रमाण त्रुटीच (नमुना लहान असल्याने येणारी अनिश्चितता) ८ टक्क्यांच्या घरात जाते. एवढ्याशा फळीवर उभं राहून "गुण तेवढेच राहिले" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सूक्ष्मदर्शी
म्हणून तर प्रत्येक गणित ६४-६४ वेळा सोडवून सरासरी घेतात.

ऋणचिन्ह
त्याने सॅम्पलिंगचा गोंगाट (त्याच गणिताला दर वेळी वेगळं उत्तर येणं) कमी होतो. गणितं ३० ची १९२० होत नाहीत. हा फरक लक्षात न घेता इथे लोक मोठमोठे निष्कर्ष काढतात.

सूक्ष्मदर्शी
तो ८ टक्क्यांचा आकडा एकट्या मॉडेलच्या गुणांचा आहे. आधीचं आणि नंतरचं मॉडेल त्याच ३० गणितांवर तोललं, तर गणितागणिक फरक घेता येतो आणि त्रुटी बरीच घटते. हे तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही मोठा आकडा पुढे केलात, हे बरं नाही.

ऋणचिन्ह
जोड्या लावून केलेली तुलना चालेल, एवढं देतो. पण मग गणितागणिक तक्ता छापा. नुसती सरासरी समोर ठेवून जोड्यांचा आधार सांगू नका. आणि निशाचर यांची फेब्रुवारी त्या ३० गणितांत तशीही सापडणार नाही.

पाणकोंबडी
तुमची सांख्यिकी चालू द्या, पण मॉडेल चालवणाऱ्याकडेही बघा. प्रत्येक टोकनगणिक केव्ही कॅशे (आधीच्या टोकनांची मेमरीतली नोंद) वाढते. उत्तरं लांबली की एका जीपीयूवर (मॉडेल चालवणाऱ्या चिपवर) एकावेळी कमी विनंत्या बसतात आणि मागचे ताटकळतात. साध्या बेरजेवरही मॉडेल "थांबा, पुन्हा बघतो" करत राहतं तेव्हा रांगेतल्या माणसाचा वेळ जातो. "लहान मॉडेल घ्या" हा सल्लाही पटत नाही. लहान मॉडेलसुद्धा तितकंच पाल्हाळ लावतं.

निशाचर
लहान मॉडेलचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही. एल१ सारखी पद्धत मला चालेल. तिथे ट्रेनिंगमध्येच लांबीची मर्यादा प्रश्नासोबत दिलेली असते, त्यामुळे किती विचार करायचा हे वापरणारा ठरवतो. करारांना मी भरपूर देईन, बेरजेला तुम्ही थोडं द्या. काटकसर कायमची वेट्समध्ये (मॉडेलने शिकून साठवलेल्या आकड्यांत) मुरवली की तो निर्णय माझ्या हातात राहत नाही.

सूक्ष्मदर्शी
आणि वापरणाऱ्याला प्रश्न किती अवघड आहे हे आधी कळणार कसं? तेच तर मॉडेलने शिकावं म्हणून हा खटाटोप आहे. अरोरा-झानेट यांच्याकडे सोप्या गणितांवर लांबी जास्त घटली, एआयएमईवर कमी.

ऋणचिन्ह
पुन्हा एआयएमई!