पन्नाशीनंतर वजन उतरवणं आणि तिसऱ्या आठवड्यानंतरही टिकून राहणं: इंदूरच्या सकाळच्या गटासाठी आराखडा हवा

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबाग-नारायणबाग भागातल्या आमच्या फिरायला जाणाऱ्या गटासाठी विचारतोय. वय ५० ते ६६, बायका-पुरुष दोन्ही, बहुतेक शाकाहारी. काहींना मधुमेह, काहींना रक्तदाब, आणि गुडघे जवळपास सगळ्यांचेच कुरकुरतात. रोज नेहरू पार्कात ४० मिनिटं चालणं होतं, तरी वजनं आहेत तिथेच आहेत. अधूनमधून सगळे मिळून काहीतरी ठरवतात, दोन-तीन आठवडे उत्साह टिकतो, मग एकेक जण गळतो आणि "या वयात चयापचयच मंदावतो" म्हणून विषय मिटतो.

१६ आठवड्यांचा आराखडा लिहून प्रत्येकाच्या हातात द्यायचाय. ताटात काय आणि किती, चालण्याशिवाय आणखी काय, आणि गळती कशी थांबवायची, एवढं सांगा. मोघम नको, आकड्यांत सांगा.

स्नायूबळ

आधी चयापचयाचं. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात धरली की २० ते ६० या वयात खर्च जवळपास सारखाच राहतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्के घटतो. तेव्हा पन्नाशीत चयापचयाला दोष देऊ नका. खरी घट होते ती स्नायूंची आणि दिवसभराच्या उठबशीची. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात, साठीनंतर जास्त वेगाने. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर चरबी पोटावर साठू लागते, त्यामुळे काट्यावर फरक नसतानाही कंबर वाढते.

नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं तर त्यात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूही असतात. पुढे वजन परत आलं तर बहुतांश चरबीच येते. असं दोन-तीनदा झालं की माणूस त्याच वजनात आधीपेक्षा अशक्त होतो. म्हणून तुमच्या आराखड्यात ताकदीचा व्यायाम पहिल्या ओळीत हवा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर, २५ ते ३० मिनिटं.

मुख्य व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी घालून, भार टाचांवर. उठताना सहज, बसताना मनात तीन अंक मोजत. धपकन बसलं की अर्धा फायदा गेला आणि गुडघ्याला हिसका बसला. ८-८ च्या दोन फेऱ्यांनी सुरुवात. गुडघा दुखत असेल तर बैठकीवर घडी घातलेली चादर किंवा उशी ठेवून उंची वाढवा. दर दोन आठवड्यांनी एक घडी कमी करा.

दुसरा, भिंतीला हात टेकून दंड. तो सोपा झाला की स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून. तिसरा ओढण्याचा, आणि हाच सगळीकडे राहून जातो. सूर्यनमस्कारात ढकलणं आहे, वाकणं आहे, पण ओढणं नाही. एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने ३ किलो पिठाची पिशवी कमरेपर्यंत ओढून घ्यायची, दोन्ही बाजूंनी १०-१०. मग पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं १२ वेळा, कठड्याला धरून टाचा उचलणं १५ वेळा, आणि शेवटी दोन्ही हातांत ४-४ किलोच्या पिशव्या घेऊन ताठ ३० मीटर चालणं.

फेरी संपवताना आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं इतकीच ताकद उरायला हवी. दहा वेळा जमण्यासारखी उरत असेल तर भार कमी पडतोय. १२ सहज होऊ लागले की पिशवीत अर्धा-एक किलो वाढवा. बहुतेकांची प्रगती थांबते ती तीन महिने तीच पिशवी आणि तोच आकडा ठेवल्यामुळे. श्वास कोंडू नका, रक्तदाब उसळतो. उचलताना तोंडाने मोठ्याने अंक मोजला की श्वास आपोआप सुटतो. दुसऱ्या दिवशी मांड्या ठसठसणं ठीक, सांध्यात कळ किंवा सूज ठीक नाही. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी पश्चिमोत्तानासन आणि झोपून पोट उचलायचे व्यायाम टाळावेत, पाठ वाकवून पडणाऱ्या दाबाने मणका दबू शकतो.

चालण्याबद्दल एवढंच की गप्पांच्या चालीला व्यायाम धरू नका. मिनिटाला १०० पावलं, बोलता येईल पण गाता येणार नाही, असा वेग निदान २० मिनिटं हवा. शरीराचं वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना जरूर सांगा.

मापी_वाटी

आता ताट. पार्कातून निघाल्यावर गट कुठे थांबतो ते लिहिलं नाहीत, पण इंदूर म्हटल्यावर हिशेब मांडतेच. एक प्लेट पोहे, वर मूठभर शेव, सोबत ५० ग्रॅम जिलबी: सगळं मिळून ५०० ते ५५० कॅलरी. ७५ किलोच्या माणसाने ४० मिनिटं चालून खर्च केल्या सुमारे १५० ते १७५. पोहे बंद करा असं मी म्हणणार नाही, इंदूरच्या माणसाला ते सांगून उपयोगही नाही. रविवारी खा, जिलबी चौघांत एक प्लेट घ्या, शेव अर्धी करा आणि चव जिरावन (इंदुरी मसाला)-लिंबू-कांद्यावर सांभाळा. बाकी सहा दिवस घरचा नाश्ता.

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ४०० ते ५०० कमी पडल्या तर आठवड्याला जेमतेम ४०० ग्रॅम उतरतात. १६ आठवड्यांत ५ ते ६ किलो हे उत्तम यश, त्यापेक्षा मोठं आश्वासन कागदावर लिहू नका.

कपात करायची ती तेल, तूप, शेव-फरसाण, साखर आणि भात-पोळीत. डाळ, दही, पनीरात नाही. या वयात गाठायच्या वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ६२ किलो गाठायचे असतील तर दिवसाला ६२ ते ७४ ग्रॅम. आपल्या साध्या शाकाहारी ताटात बहुधा यापेक्षा बरीच कमी भरतात, कारण वरण पातळ असतं. कोरडी डाळ ३० ग्रॅम शिजवली तर ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते निम्मीच.

एका दिवसाचा नमुना असा. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटलेली दोन धिरडी आणि वाटीभर दही, १९ ग्रॅम. दुपारी दोन फुलके, घट्ट वरण एक वाटी, ५० ग्रॅम पनीर घालून केलेली भाजी आणि कोशिंबीर, २३ ग्रॅम. संध्याकाळी फुटाणे ३० ग्रॅम आणि ताक, ७ ग्रॅम. रात्री २५ ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची उसळ, दोन फुलके, थोडं दही, २४ ग्रॅम. बेरीज ७३. सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणावर ढकलू नका, तिन्ही वेळांना २० च्या आसपास यायला हवीत. किडनीचा त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल त्यांनी हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावं.

तेलाला मोजणीचा सोपा मार्ग आहे. दोन माणसांना महिन्याला एक लिटर, वेगळ्या बाटलीत काढून ठेवा. २० तारखेला बाटली संपली तर गळती कुठे आहे ते कळलं. दाल-बाफल्यांच्या दिवशी बाफला तुपात बुडवायचा नाही, ताटात फोडून वर एक छोटा चमचा घ्यायचा. मोठा चमचा म्हणजे १३५ कॅलरी. हिवाळ्यात गराडू (माळव्यातला कंद) तळण्याऐवजी उकडून, तव्यावर दोन चमचे तेलात परतले तरी मसाला छान धरतात.

आणि कृपा करून कुणी रोज ८०० कॅलरीवर जाऊ नका. केस गळतात, ताकद जाते, आणि फार झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

नाडी_वही

वरचं सुरू करण्याआधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (मधुमेहाच्या गोळ्या) किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं घटवलं की साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, घाबरं होणं, आणि मोजल्यावर ७० च्या खाली: तीन छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा. अशा मंडळींनी फिरताना खिशात साखरेची पुडी ठेवावीच. वजन उतरू लागलं की रक्तदाबाच्या गोळ्याही जास्त पडू लागतात. उठल्यावर चक्कर येणं ही त्याची खूण. डोस डॉक्टरांनी कमी करायचा, आपण नाही. सकाळी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

तपासण्या: तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), टीएसएच (थायरॉइडची), बी-१२, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन. थायरॉइडची गोळी चहासोबत घेणारे पुष्कळ आहेत. ती रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी, कॅल्शियम-लोहाच्या गोळीपासून चार तास दूर.

भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आणि काही न करता सहा-आठ महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी उतरलं तर अभिनंदन करू नका, तपासणी करा.

पहाटफेरी

गळतीबद्दल बोलतो. ती तिसऱ्या आठवड्यात होते याला कारण आहे. भात, पोळी, मीठ कमी केलं की पहिल्या दहा दिवसांत शरीरातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि त्याला धरून असलेलं पाणी जातं. काटा एक-दीड किलो खाली येतो. लोकांना वाटतं हाच वेग. मग पाणी संपतं, खरा वेग दिसू लागतो, आठवड्याला ४०० ग्रॅम, आणि एका रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन आलं की खारटामुळे पुन्हा किलोभर पाणी साठतं. नेमक्या त्याच सकाळी माणूस काट्यावर उभा राहतो आणि सोडून देतो. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या: 'तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबल्यासारखा वाटेल.' आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, शौचानंतर, चहाच्या आधी. एका आकड्यावर निकाल नाही, चार आठवड्यांची सरासरी बघायची. कंबर महिन्यातून एकदा. गटाच्या तक्त्यावर किलो लावू नका. ज्याचं उतरत नाही तो यायचाच थांबतो. तक्त्यावर फक्त केलेल्या गोष्टी: ताकदीचे दोन दिवस झाले का, घरचा नाश्ता किती दिवस, रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालणं किती वेळा. या आपल्या हातात असतात, काटा नसतो.

जोड्या लावा, एकाच गल्लीतल्या दोघांच्या. न आलेल्याला सकाळी फोन जोडीदारानेच करायचा. गटाच्या व्हॉट्सॲपवर 'आज का नाही आलात' विचारलं की लोक लाजतात. पूर्ण व्यायाम नाही जमला तर दहा मिनिटांचा छोटा नमुना ठरलेला हवा: खुर्ची, भिंत, पिशवी, एकेक फेरी. एक दिवस चुकला तर चालेल, सलग दुसरा चुकू द्यायचा नाही.

सणांचं आधीच ठरवा. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न या आठवड्यांत वजन उतरवणं हे ध्येयच ठेवू नका. टिकवणं पुरे, पण ताकदीचे दोन दिवस सोडायचे नाहीत. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढंच ध्येय ठेवलं होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत त्याने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांत ७१ टक्क्यांनी. 'या वयात काय होणार' म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

रामबागकर

फार आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका उरल्या. सोमवार आणि एकादशी धरणारे बरेच आहेत, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडीच असते. आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यात काटा खरोखरच थांबला तर?

मापी_वाटी

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. त्याऐवजी ४० ग्रॅम भगर, १५० ग्रॅम दही, २५ ग्रॅम दाण्याचं कूट घालून आमटी. किंवा राजगिऱ्याच्या दोन छोट्या भाकऱ्या आणि ७५ ग्रॅम पनीर, ज्यांना उपासाला चालतं त्यांनी. खिचडीच हवी असेल तर छोटी वाटी, सोबत दही. गटातल्या बायकांना विशेष सांगा, दिवसभर चहावर राहून रात्री दोन वाट्या खिचडी हा सगळ्यात वाईट प्रकार. मधुमेहाची गोळी असेल तर उपासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

काटा थांबण्याबद्दल: ८० चा माणूस ७४ चा झाला की तेच अंतर चालायला सुमारे ७ टक्के कमी ऊर्जा लागते. शिवाय तोपर्यंत चमचे हळूहळू मोठे झालेले असतात. आधी दोन आठवडे तेल, कूट, साखर पुन्हा मोजून टाका, बहुतेकदा तिथेच सापडतं. मोजूनही चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही हललं नाही तर रात्रीचा एक फुलका कमी आणि जेवणानंतरचं चालणं दहाचं वीस मिनिटं. कंबर उतरत असेल आणि काटा थांबलेला असेल तर काहीच बदलू नका, फक्त पिशवीत अर्धा किलो वाढवा.