दोघी बहिणींसाठी पीस

ताई, मुली जळगावच्या कार्यक्रमात पियानोवर संगीतकार ब्राम्सचा हंगेरियन डान्स नंबर ५ वाजवणार म्हणताय, पीस मूळचा चार हातांचाच आहे, म्हणजे एकाच पियानोवर दोघींनी मिळून वाजवायचा, मस्तच, पण धाकटी अजून नवीन आहे ना, तर माझं ऐका, संगीतकार डायाबेलीचा ओपस १४९ बघा, चार हातांच्या सोप्या पीसचा संग्रह आहे. त्यात वरचा पार्ट पाचच सुरांत बसतो, हाताची जागा बदलावी लागत नाही, अन् मोठीने खालचा पार्ट भरून वाजवला की ऐकायला भारी वाटतं. दोघी तयारीच्या झाल्या की संगीतकार फोरेच्या डॉली सूटमधला, म्हणजे चार हातांच्याच पीसच्या मालिकेतला, पहिला पीस नक्की घ्या, फार गोड आहे. पेडल मात्र मोठीकडेच ठेवा, बेस तिच्याच हातात असतो. अन् हॉलवाल्याला आत्ताच विचारा, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर चार हात मावत नाहीत, कोपरं लागतात एकमेकींना, ८८ चाच पाहिजे बरं का.