झेब्रा शिंपले: पाणी नितळ झाले म्हणजे सरोवर सुधारले का?

मूळ मत
काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या खोऱ्यांतले झेब्रा शिंपले १८२४ मध्ये लंडनच्या गोदीत सापडले आणि १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात. मागोमाग त्यांचे भाऊबंद क्वागा शिंपलेही आले. ‘त्यांनी पंचमहासरोवरांचे पाणी नितळ केले, मग त्यांना घुसखोर कशाला म्हणायचे?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. नखाएवढा एक शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो, पण गाळून घेतो ते प्लवक, म्हणजे माशांच्या पिल्लांचे अन्न. हे नितळपण रिकाम्या ताटाचे आहे. शिवाय ऊन खोलवर पोहोचल्याने तळाशी क्लॅडोफोरा हे शेवाळ माजते आणि काठावर येऊन कुजते, ते वेगळेच.

प्रतिसाद १
उपमा चांगली आहे, पण ताट एकट्या शिंपल्यांनी चाटूनपुसून साफ केले असे म्हणता येत नाही. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सरोवरांत जाणारे फॉस्फरस, म्हणजे प्लवकांचे खत, कमी केले गेले, त्याचाही यात वाटा आहे. डायपोरिया हा कोळंबीचा दूरचा नातलग मिशिगन सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला, याचा ठपका शिंपल्यांवर ठेवतात; मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या काही फिंगर लेक्समध्ये तो त्यांच्या शेजारी टिकून आहे. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात तर झेब्रा शिंपले १९६० च्या दशकात पसरल्यावर ते खाणारी हिवाळी बदके आणि वारकरी पक्षी वाढले.

प्रतिसाद २
फॉस्फरसचा मुद्दा मान्य. तरीही मिशिगन सरोवरात वसंतातला प्लवकांचा बहर ओसरला तो २००० नंतर, क्वागा खोल तळापर्यंत पसरल्यावर. करार त्याआधी तीन दशके झाला होता. पक्ष्यांची मेजवानी मोजताना सरोवरांतल्या मूळच्या शिंपल्यांकडेही पाहावे. एकाच्या पाठीवर शेकडो झेब्रा चिकटून बसलेले असतात, इतके की त्याला शिंपा नीट उघडता-मिटता येत नाहीत, आणि ज्या पाण्यातून त्याने अन्न घ्यायचे ते आधीच गाळले गेलेले असते.

प्रतिसाद ३
आपण दोघेही बऱ्यावाईटाचा हिशेब मांडत बसला आहात. माझा प्रश्न खर्चाचा आहे. व्हर्जिनियातल्या मिलब्रूक खाणतळ्यातून २००६ मध्ये पोटॅशियम क्लोराइड सोडून झेब्रा शिंपले निपटून काढले, हे खरे, पण ते छोटे, बंदिस्त पाणी होते. मिशिगनएवढ्या सरोवरात ते कोण करणार? आलेले गेले नाहीत, जाणारही नाहीत. मग एका सरोवरातून दुसऱ्यात जाणाऱ्या नावा तपासत बसण्यात काय हशील?

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
जिथे ते आले तिथे आता काही करता येत नाही, हे मी मानतो. पण तपासणी असते ती पुढच्या सरोवरासाठी. त्यांचे डिंभक, म्हणजे पाण्यात तरंगणारी अळ्यांसारखी पिल्ले, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि इंजिनात राहिलेल्या थोड्याशा पाण्यातूनही जातात. नुकते चिकटलेले पिल्लू तर नावेच्या बुडावरून बोट फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखे खरखरते, तेवढीच त्याची खूण. जहाजे तोलासाठी भरून नेतात त्या बॅलास्ट पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडले. मधल्या काळात, २००७ मध्ये, क्वागा मीड सरोवरात सापडले, म्हणजे खंडाच्या पार पश्चिमेला, आणि तिथपर्यंत जहाज जात नाही.

प्रतिसाद ३
नावा तपासण्याचे ठीक आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत हेच झेब्रा मत्स्यपात्रात ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत निघाले. त्या दुकानांच्या दारात तपासनीस कोण बसवणार, तेवढे सांगा.